खिडकीसमोरच्या रांगा

ड्रमव्हाल, लीट्रिम परगणा, आयर्लंड
४ सप्टेंबर

श्रीमती डिम्फ्ना मॅकगोल्रिक यांस,

आपलं आणि माझं बोलणं बंद असल्यामुळे हे पत्र लिहावं लागत आहे. पॅकी पोस्टमनला पाकीट दिलं तर तो म्हणाला, "मॅलकी, तिचं दार तुझ्या फाटकावरून दिसतंय. दोन पावलं चालत जा की!" मी म्हटलं, तिकीट लावलंय, तू तुझं काम कर.

विषय असा. आपण अध्यक्ष असलेल्या समितीने गावच्या हॉलमधली तेलाची टाकी काढून लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बॉयलर बसवायचं ठरवलं आहे. ढलप्या माझ्या जंगलातल्या घ्यायच्या, असंही ठरलं आहे. हे मला समितीकडून नाही, दुकानात कळलं. असो, माझी हरकत नाही.

जंगलखात्याची सल्लागार सोर्खा येऊन गेली. झाडं फार दाटली आहेत, एकमेकांचा गळा धरून उभी आहेत, यंदा विरळणी केली नाही तर पुढे करताच येणार नाही असं तिचं म्हणणं. उंच झाल्यावर विरळ केली की ती वाऱ्याने झोपतात. आमच्या या चिकट, ओल्या जमिनीत स्प्रूसची, या सूचिपर्णी झाडांची, मुळं खोल जात नाहीत. ताटात भात पसरावा तशी वरच्यावर पसरतात.

माझे गुडघे गेले, गुरं विकली. आता ते जंगल हेच माझं म्हातारपण आहे, हे आपणास माहीत आहे. माझ्या बाजूच्या ओढ्यावरचा पूल मालमोटारीचं वजन सोसणार नाही. यंत्र आणि मोटार आत न्यायला एकच वाट आहे, आपली गाडीवाट. ती द्यावी ही विनंती.

आपला,
मॅलकी मॅकटर्नन


६ सप्टेंबर

श्री. मॅकटर्नन यांस,

पत्र मिळालं. "आपणास" वाचून मी खुर्चीत बसले. यूजीन, माझा नवरा, तुझा चुलत-चुलत भाऊ होता. तुम्ही दोघांनी शाळेत माझ्या वेणीला चिकटवलेली गोमाशी मी अजून विसरलेले नाही. आणि आज मी श्रीमती काय! मी सरळ 'तू' लिहिणार आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मी आधी मनाशी नीट ठरवून घेतलं आहे. अबोला जसाच्या तसा आहे, गैरसमज नको.

तू विनंती केलीस म्हणून मीही तुला काही सांगते. हे पत्र मी दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून लिहिते आहे. बाहेर लख्ख ऊन आहे, असं रेडिओवर सांगतात. आम्ही लग्न होऊन इथे आलो तेव्हा या खिडकीतून पहाटेचा सूर्य थेट चुलीपर्यंत यायचा. यूजीन म्हणायचा, आपल्याला घड्याळ कशाला हवं. मग तू तिथे तुझी ती काळी झाडं लावलीस. लावताना गुडघ्याएवढी होती, तेव्हा मीही "शोभून दिसतात हो" म्हणाले होते. मूर्खपणा माझा. ती खिडकीच्या वर गेली त्या वर्षी यूजीन गेला. मी तुझ्या दारात येऊन म्हटलं, मॅलकी, दोन रांगा काढ. तू काय म्हणालास? "झाडं आहेत ती, पडदे नाहीत." बस्स. त्या दिवसापासून माझं तोंड बंद आहे.

गाडीवाट देते. माझ्यासाठी नाही, हॉलसाठी. तिथे गारठ्यात पत्ते खेळताना म्हाताऱ्यांची बोटं वाकत नाहीत. पण दोन अटी आहेत.

एक, वळणावरच्या एकट्या काटेरी झाडाला हात लागता कामा नये. का ते तुला सांगायला नको. ते त्या मंडळींचं, ज्यांचं नाव घेत नाहीत त्या पऱ्यांचं झाड आहे; तोडणाऱ्याचं भलं होत नाही.

दोन, हॉलपासून जुन्या विहिरीपर्यंत जाणारी पायवाट तुझ्या जंगलातून मोकळी कर. समितीला ती फिरायला येणाऱ्यांसाठी हवी आहे. आणि तो "सावधान, बैल" फलक काढ. तुझा बैल विकून किती वर्षं झाली, ते अख्ख्या परगण्याला ठाऊक आहे.

उजेड मी मागत नाही. एकदा मागितला, आता नाही.

डिम्फ्ना


१५ सप्टेंबर

डिम्फ्ना,

माशी यूजीनने चिकटवली होती. मी फक्त पकडली होती. एवढा दोष त्याच्याकडे राहू दे, तो काही उलट बोलायचा नाही.

पायवाटेचं मान्य. सुखाने नाही, पण मान्य. रंगीबेरंगी टोप्या घालून लोक येणार, फाटकं उघडी टाकणार, आणि माझ्या कुत्र्याला बिस्किटं घालून बिघडवणार. कालच स्लायगोची एक बाई विचारत होती, "इथे शांतता कुठे मिळेल?" म्हटलं, तुम्ही येईपर्यंत इथेच होती.

फलक मात्र राहू दे. बैलापेक्षा फलकाचाच लोकांना धाक होता.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर तोंड वाकडं व्हायला नको. सोर्खाने मला जंगलभर फिरवलं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. तुझ्या घराकडच्या, पश्चिमेच्या काठावरच्या रांगा लहानपणापासून वारा खात आल्या आहेत. त्यांनी पाय रोवलेत. आतली झाडं उंच आहेत पण नाजूक, ती या काठाच्या आडोशाने उभी आहेत. आत हवी तेवढी विरळणी करा, पण काठ उघडू नका. काठ गेला की वारा आत शिरतो, आणि मग एकामागून एक सगळं जातं.

म्हणून तुझ्या खिडकीसमोरच्या रांगा राहतील. मला त्याबद्दल वाईट वाटतं की नाही, ते लिहीत बसत नाही.

मॅलकी


२ ऑक्टोबर

मॅलकी,

वाईट वाटतं की नाही हे लिहीत नाही म्हणालास, म्हणजे वाटतं. बरं.

आता आज सकाळचा तमाशा ऐक. तू त्या वेळी दवाखान्यात गुडघे दाखवत होतास. डोनेगॉलचा ड्रायव्हर ती लांबलचक मोटार घेऊन माझ्या गाडीवाटेने आला आणि वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. खाली उतरला. काटेरी झाडाकडे बघितलं. टोपी काढली. पुन्हा घातली. मला म्हणाला, "बाई, हे झाड कुणाचं?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही." तो म्हणाला, "तेच भय वाटत होतं मला."

मग आपल्या समितीवरचे ते डब्लिनचे इंजिनिअर आले. इथे सुट्टीचं घर बांधलंय तेच. त्यांनी डोळ्यांनीच मोजमाप केलं आणि म्हणाले, "अहो, एवढंसं झुडूप! करवत आणा, क्षणात काम होईल." मॅलकी, तिथे एकाचीही मान वर राहिली नाही. ड्रायव्हरने आपले बूट बघितले. मी माझी चप्पल बघितली. पॅकी टपाल वाटायला आला होता, तो टपाल न वाटताच निघाला. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, करवत माझ्याकडे आहे. तुम्ही स्वतः कापणार असाल तर देतो." इंजिनिअरसाहेबांना एकदम काहीतरी काम आठवलं.

बिचाऱ्याला चहा पाजून परत पाठवला. माझा यावर विश्वास आहे असं नाही. पण माझ्या दारातलं ते झाड कापलं जाणार नाही, हेही नक्की.

प्रश्न असा की बॉयलर येऊन पडलाय, हॉलमधली टाकी निघाली आणि मोटार आत जात नाही. आता काय करायचं, सांग.

डिम्फ्ना


५ ऑक्टोबर

डिम्फ्ना,

ड्रायव्हर शहाणा माणूस आहे. माझ्या वडिलांच्या काळात पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाने असलंच झाड तोडलं आणि पुढे त्याची लोण्याची रवी कधी फिरली नाही म्हणतात. माझाही यावर विश्वास नाही. पण रवी फिरली नाही ती नाहीच.

मार्ग निघाला आहे. मोटारीला वळणापर्यंत न्यायचंच नाही. तुझ्या फाटकाच्या अलीकडेच तिला सरळ माझ्या जंगलात घ्यायची आणि आत फिरवून बाहेर काढायची. त्यासाठी आत एक चौक मोकळा करावा लागेल. तो तुझ्या घरासमोर येतो, त्याला इलाज नाही. काही रांगा जातील.

यातून भलता अर्थ काढू नकोस. तिथली जमीन कडक आहे, एवढंच कारण. खालच्या फाटकाशीही मोटार फिरवता आली असती, पण तिथे चिखल आहे. सोर्खा जरा कुरकुरली, पण चालेल म्हणाली.

सोमवारी यंत्र येईल. आवाज फार होईल. तुझ्या कोंबड्या आत ठेव.

मॅलकी


२८ ऑक्टोबर

मॅलकी,

मी आभार मानत नाहीये. हे सगळं काटेरी झाडासाठी झालं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण काय झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि यूजीनला लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिते.

यंत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने दिवा लावायला हात वर केला आणि तसाच राहिला. चुलीवर ऊन पडलं होतं. फडताळातल्या निळ्या बशा खरंच निळ्या आहेत. इतकी वर्षं मी त्यांना राखाडी समजत होते. मागच्या ईस्टरला मी भिंतींना सायीचा रंग दिला म्हणून मिरवत होते ना, तो हिरवा आहे! धड हिरवाही नाही, आजारी माणसाच्या चेहऱ्याचा असतो तसला. घरी येणाऱ्या एकानेही सांगितलं नाही. आणि धूळ! मला वाटायचं मी नीटनेटकी बाई आहे. दिवसभर घासत बसले आणि रडत बसले. रडण्याचं कारण धूळ नव्हतं.

हॉल काय सुंदर तापलाय म्हणून सांगू! शनिवारी पहिला नाच झाला. म्हाताऱ्या मंडळींनी चक्क कोट काढले. काहींना कोटाविना पाहून मी ओळखलंच नाही. सगळे म्हणत होते, ही मॅलकीच्या झाडांची ऊब. तू आला नाहीस. ज्याची ऊब तोच घरात थंडीत बसला होता, असं पॅकी सांगत होता.

पायवाटेवर माणसं येऊ लागली आहेत. मी फाटकाशी मेज टाकून चहा आणि स्कोन ठेवते. तुझ्या फाटकाच्या खांबावर बेदाण्याचा केक ठेवला आहे. तो काही तुझ्यासाठी मुद्दाम केलेला नाही, उरला होता.

डिम्फ्ना


१० नोव्हेंबर

डिम्फ्ना,

उरलेला केक कापलेला असतो. हा सबंध होता. पण मी भलता अर्थ काढत नाही, तूही काढू नकोस.

केक संपला. कुत्र्यालाही दिला नाही.

तुझ्या भिंतींचा रंग मला ठाऊक होता. डबा तू दुकानातून घेतलास तेव्हा मी मागे उभा होतो. सांगणार होतो, पण बोलणं बंद होतं ना.

फिरायला येणाऱ्यांची सवय होत चालली आहे. काल एक चिमुरडी फाटकाशी हटून बसली, बैल दाखवा म्हणून. बैल झोपलाय सांगितलं. ती म्हणाली, मी थांबते. शेवटी बापाने खांद्यावर घालून नेली. ओरडत होती, पण मला आवडली ती. जंगलात माणसांचा आवाज बरा वाटतो, हे मी याआधी कबूल केलं नसतं.

लाकडाला भाव बरा मिळाला. विरळणीनंतर आतली झाडं मोकळी झाली आहेत, खाली उजेड पडतो, गवत उगवू लागलंय. हे जंगल असंच उभं राहिलं तर माझं शेवटपर्यंत इथेच निभेल.

वारा सुटला की हल्ली झोप लागत नाही. वय झालं, दुसरं काय.

मॅलकी


१४ नोव्हेंबर

मॅलकी,

वय नव्हे, गुडघे. मोहरीच्या पाण्यात पाय बुडवून बस आणि दूध पिऊन झोप. नाताळच्या जेवणाला हॉलमध्ये ये. मी तुझ्याशी बोलणार नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायलाही हरकत नाही.

डिम्फ्ना


२७ जानेवारी

मॅलकी,

हे पत्र पॅकी पडलेल्या झाडांवरून चढून, उतरून तुझ्या दारी आणतोय. दार उघड आणि घे. तो बिचारा दोनदा येऊन गेला. तू आत आहेस हे धुरांड्यावरून दिसतं.

नाताळात तू आलास, समोर बसलास, शलगम माझ्याकडे सरकवलेस, मी तुझ्याकडे मीठ सरकवलं. किती छान गेला तो दिवस! आणि आता हे.

मी खिडकीतूनच सगळं पाहिलं. गुरुवारी सकाळी वारा माझ्या छपरावरून गेला आणि तुझ्या त्या मोकळ्या चौकात शिरला. आधी समोरची झाडं वाकली. मग मुळासकट, मातीसकट उचलली गेली. त्यांच्यामागची. मग त्यांच्यामागची. दुपारी वारा थांबला तेव्हा मला तुझं घर दिसलं. आपल्या दोघांच्या मधे आता काहीच उभं नाही.

सगळ्या परगण्यात वीज नाही. कुणीतरी ट्रॅक्टरला जनरेटर जोडून हॉलचा बॉयलर चालू केला. अर्धा गाव तिथे झोपतोय, जेवतोय. बाळं आहेत, ऑक्सिजनवरचे आजोबा आहेत. तुझ्या ढलप्यांवर चाललंय हे सगळं. आणि तू मात्र आलेला नाहीस.

सोर्खा आली होती. मी तिला म्हटलं, "पोरी, तुलाच विचारून त्याने चौक उघडला ना, मग असं कसं झालं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मला विचारून? मी तीनदा नको म्हणाले. खालच्या फाटकाशी थोडी खडी टाकली असती की मोटार आरामात फिरली असती. तिथे मी लाल रंगाने खुणाही केल्या होत्या." मग तिला रडूच कोसळलं. मी तिला पोटाशी धरलं आणि हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं.

काटेरी झाडाच्या नावावर खपवलंस मला. त्या मंडळींना पुढे केलंस. मॅलकी मॅकटर्नन, तुझ्यासारखा मूर्ख माणूस शॅनन नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत दुसरा नसेल. तुझं सगळं म्हातारपण तू माझ्या बशांवर ऊन पडावं म्हणून घालवलंस!

का केलंस असं? उत्तर लिही. लिहावंच लागेल.

डिम्फ्ना


९ फेब्रुवारी

डिम्फ्ना,

उशीर झाला. हात चालत नव्हता.

खुणा मला दिसल्या होत्या. वारा आत शिरू शकतो हेही माहीत होतं. वाटलं, पाच-दहा वर्षं गप्प बसेल. वाऱ्याने पहिल्याच हिवाळ्यात दार ठोठावलं.

का केलं ते सांगतो. सप्टेंबरात तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुझ्या घरावरून चाललो होतो. दिवस चांगला वर आला होता. तू खिडकीशी पेपर दिव्याच्या अगदी जवळ धरून वाचत होतीस. मान अशी वर करून. मी तिथेच थांबलो. यूजीन जाताना मला म्हणाला होता, तिच्यावर लक्ष ठेव. आणि मी काय लक्ष ठेवलं, तर तिच्या दारात अंधार लावला. मग तू लिहिलंस की उजेड मागत नाही. तू मागितला असतास तर मी कदाचित पुन्हा नाही म्हणालो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण मागत नाही म्हणालीस, आणि मला राहवेना.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. ऑक्टोबरापासून रोज सकाळी मी फाटकाशी उभा राहून बघायचो. तुझा दिवा लागत नसे. मला फार बरं वाटायचं.

आता पुढचं. जिथे जंगल होतं तिथे पुन्हा जंगलच लावावं लागतं, कायदा तसा आहे. मला ते झेपणार नाही. पडलेली झाडं उचलायची, साफ करायची, पुन्हा रोपं लावायची, हे या गुडघ्यांचं काम राहिलं नाही. एक कंपनी सगळं आहे तसं घ्यायला तयार आहे. ते साफ करतील आणि पुन्हा स्प्रूस लावतील. काठ कुठे ठेवणार ते मी विचारलं. म्हणाले, हद्दीपर्यंत. त्याबद्दल मला क्षमा कर. रोपं वाढेपर्यंत तुला काही वर्षं ऊन मिळेल.

भाचा कॅथल इंग्लंडात लीड्सला आहे. त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे. ईस्टरनंतर जाईन. कुत्रा पॅकीला देतोय, त्या दोघांचं जमतं.

मॅलकी


१२ फेब्रुवारी

मॅलकी,

तुझं पत्र हॉलमध्ये आलं आणि मी ते तिथेच उभ्याने वाचलं. रडले, नाक पुसलं आणि मग टेबलावर चमचा आपटून सगळ्यांना गप्प केलं.

येत्या शनिवारी इर्जिक आहे. अख्खा गाव तुझ्या जंगलात येतोय. ट्रॅक्टर आहेत, साखळ्या आहेत, करवती आहेत. डोनेगॉलचा ड्रायव्हर भाडं न घेता मोटार आणतोय. म्हणतो, त्या काटेरी झाडाने आपल्याला सांभाळलं, आता आपण त्याच्या शेजाऱ्याला सांभाळायचं. इंजिनिअरसाहेबांनी नवी करवत विकत आणली आहे आणि ती कशी चालवायची हे सगळ्यांना विचारत फिरतायत. कुणीतरी सांभाळा त्यांना.

सोर्खा म्हणते, पडलेलं लाकूड वाया गेलेलं नाही. उन्हाळ्याच्या आत काढलं तर चांगलं राहतं. जाड ते करवतखान्याला, बारीक ते ढलप्यांना. वादळात हॉल कसा तगला ते सगळ्यांनी पाहिलंय. शाळेलाही आता तसाच बॉयलर हवाय, दवाखानाही विचारतोय. त्यांना लाकूड तू देणार, आणि तू म्हणजे तूच. कंपनी नाही.

आणि लावायचंच आहे तर तिच्या सांगण्याप्रमाणे लाव. काठाला बुटकी झाडं, हेझल, रोवन. त्यामागे बर्च आणि आल्डर. मग आत तुझी ती काळी लाडकी, हवी असतील तर. पायऱ्यांसारखं. वारा जिना चढून वरून निघून जातो म्हणे. खड्डे खणायला तुझे गुडघे कशाला लागतात? माझे धड आहेत. रविवारच्या प्रार्थनेला सगळ्यात शेवटी मीच उठते, ते आळसाने.

माझ्याकडे तुला द्यायला जमीन नाही, पैसा नाही. पण एक साधी गोष्ट विचारते. तू लीड्सला गेलास तर मी अबोला कुणाशी धरायचा? यूजीन गेल्यापासून या घरात माझ्या रागाला विचारणारं कुणी नव्हतं. तुझ्यावर रागावत होते म्हणून रोज सकाळी उठून तुझं धुरांडं बघत होते. धूर दिसला की म्हणायचे, आहे मेला जिवंत! आणि मग चहा ठेवायचे. मला ते हवंय. तू इथेच हवा आहेस. हे मी हॉलभर माणसांत बसून लिहिते आहे आणि मला लाज वाटत नाही.

जाऊ नकोस.

डिम्फ्ना


३ मार्च

डिम्फ्ना,

इर्जिकेच्या शनिवारी मी दारात उभा राहिलो आणि गाडीवाटेने ट्रॅक्टर येताना बघितले. दिवे लावून, एकामागून एक. टोपी डोळ्यांवर ओढली आणि फाटक उघडायला गेलो. सगळ्यांना वाटलं, मॅलकी नेहमीसारखाच घुम्या. तू एका ओंडक्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. पण सूपचा पहिला वाडगा माझ्याकडे आला, तो कुणी पाठवला ते मला कळलं.

इंजिनिअरसाहेबांनी दिवसभरात एक झाड कापलं. ते आडवंच होतं, तरी त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

कंपनीला नकार कळवला. कॅथललाही फोन केला. तो म्हणाला, मामा, खरं सांगू, मी खोली आवरलीच नव्हती, तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक होतं. आमच्या घराण्यात सगळ्यांना सगळं माझ्याआधी कळतं.

आता काम. रोपं शनिवारी येतात. सोर्खाने सगळं आखून दिलंय. एक रेघ मात्र तिने सोडली, झाडं कुठे थांबवायची ती. म्हणाली, हे मी नाही सांगणार, ते तुम्हा दोघांचं आहे.

तर असं करू. तू स्वयंपाकघरात खिडकी उघडून चुलीशी उभी राहा. मी खुंट्या घेऊन समोरच्या, आता साफ झालेल्या शेतात उभा राहतो. पुढे की मागे, ते तू सांग. पत्राने हे काम होणार नाही, डिम्फ्ना. एकेका खुंटीचं उत्तर पॅकीने आणायचं म्हटलं तर मी शेतातच मरेन. तुला ओरडावं लागेल.

मॅलकी


१० मार्च

मॅलकी,

घसा पार बसला आहे, म्हणूनच लिहिते. आवाज असता तर खिडकीतूनच झापलं असतं.

तुला खुंटी ठोकायला सांगितली होती, जमीन दान करायला नाही! मी तोंड उघडायच्या आत तू चालत सुटलास. मागे, आणखी मागे. मी "थांब" म्हणून ओरडले तर तुला वाटलं, अजून मागे. पार ओढ्यापर्यंत गेलास. निम्मं शेत माझ्या उन्हाला देऊन टाकलंस आणि तिथून टोपी हलवत उभा राहिलास. अरे, मग झाडं कुठे लावणार होतास? खाणार काय होतास? मला अख्खा जोर लावून "पुढे ये, मॅलकी, पुढे ये" असं ओरडावं लागलं. पॅकी सायकल सोडून बघत उभा राहिला. पायवाटेवरच्या चार अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आता नीट आहे. चुलीपर्यंत ऊन येतं आणि तुझं जंगल पोटापुरतं राहतं. मी आज मुद्दाम खिडकीतून मोजून पाहिलं. खुंटीवर कालचा तुझा हातमोजा अजून तसाच आहे. ये आणि घेऊन जा.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. तुझ्याकडून पाकीट घ्यायचं नाही, असं मी पॅकीला बजावलंय. काय बोलायचं ते इथे येऊन, खुर्चीत बसून बोल. मला आणखी काही दिवस आवाज नाही, म्हणजे मधे तोडायला कुणी नाही. एवढी मोठी संधी तुला या जन्मात पुन्हा मिळायची नाही, तेव्हा आजच ये.

तुझी,
डिम्फ्ना